बोंबलू दे, आकडा दोनच आहे

सांगलीच्या कोर्टात एके काळी अशी वेळ आली होती, की दिवाणी न्यायाधीश स्वतः व्हरांड्यात येऊन "कुणाचं काही आहे का हो?" असं भाजीवाल्यासारखं विचारून जायचे. तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे; लगेच विश्वास ठेवणाऱ्याला गोष्ट सांगण्यात काय गंमत? पण कोर्टाच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली माझं नोटरीचं टेबल आहे, आणि त्या वर्षी माझ्या शिक्क्याच्या डबीत कोळ्यानं जाळं विणलं होतं, हे मात्र खरं. त्या कोळ्याचंच एखादं प्रतिज्ञापत्र करून घ्यावं असंही मनात आलं होतं, पण त्याच्याकडे आधार कार्ड नव्हतं.

हे सगळं झालं कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यामुळे.

कारखाना बाळगोंडा आरवाडे यांचा. दगडाची घरघंटी बनवायचे. पत्र्याच्या पात्यांनी पीठ तापतं, दगडानं थंड राहतं, म्हणून आरवाड्यांची घरघंटी बेळगावपासून नागपूरपर्यंत खपायची. आणि घरघंटी जिथं जिथं गेली, तिथं तिथं मागोमाग खटला गेला. घरघंटी थरथरते म्हणून, पीठ जाड येतं म्हणून, विक्रेत्याचा तालुका दुसऱ्याला दिला म्हणून. नागपुरात तर एका बाईंनी घरघंटीच्या आवाजानं पोपट मुका झाला म्हणून ग्राहक मंचात तक्रार केली होती. सोबत पोपटाचा वैद्यकीय दाखला.

या सगळ्या तारखा सांभाळायच्या सुमेधा आरगे यांनी. त्या कंपनीच्या कायदा अधिकारी. वय चाळिशीच्या अलीकडे, पायात कायम स्पोर्ट्‌सचे बूट. कारण सोमवारी सांगली, मंगळवारी कोल्हापूर, बुधवारी सोलापूर. मालक दर महिन्याला वकिलांची बिलं बघून एकच वाक्य म्हणायचे, "सुमेधाबाई, मशीन पिठाचं विकतोय मी, पण दळण सगळं वकिलांच्या घरी पडतंय!"

अशात मिरजेहून डॉक्टर मेहजबीन मुल्ला आल्या. हातात डब्याएवढं एक यंत्र.

मेहजबीनबाई तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरातल्या. लहानपणापासून गवयांचे गळे ऐकलेले, मोठेपणी ते मोजायला घेतले. मालकांच्या केबिनमध्ये त्यांनी जे सांगितलं, ते मला सुमेधाबाईंनी सांगितलं, आणि मी त्यात फारशी भर न घालता तुम्हाला सांगतो.

"गवई एकटा रियाज करतो, तेव्हा गळा सैल असतो," त्या म्हणाल्या. "दाराआड कुणीतरी ऐकतंय असं त्याला नुसतं वाटलं, तरी स्वरतंतूंभोवतीचे स्नायू किंचित आवळतात. मग आवाजात एक बारीक कंप उतरतो. सेकंदाला दहाएक हेलकावे. कानाला कळत नाही, यंत्राला कळतो. मी त्याला साक्षीकंप म्हणते."

"आमच्याकडे कोण गातंय?" मालक म्हणाले.

"ऐका तर. माझी आत्या आणि शेजारी यांचं भिंतीवरून भांडण होतं. वर्षभर आत्या ओरडत होती. मी गंमत म्हणून आवाज मोजला, कंप शून्य. एके दिवशी आत्या एकदम हळू बोलायला लागली. पूर्ण वाक्यं, मध्ये थांबे, तारखा. आणि कंप असा, की यंत्राला वाटलं मैफल चाललीय. पुढच्या आठवड्यात आत्यानं दावा लावला."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दिवशी आत्या शेजाऱ्याशी बोलतच नव्हती. न्यायाधीशाशी बोलत होती. न्यायाधीश अजून आलेला नव्हता, एवढंच."

यंत्राचं नाव कानोसा. फोनला जोडायचं, समोरचा बोलायला लागला की शून्य ते शंभर आकडा दाखवतं. शून्याजवळ हिरवा, शंभराजवळ लाल. लाल म्हणजे या माणसानं मनातल्या मनात दावा लावलेला आहे, फक्त वकील शोधायचा बाकी आहे.

तेवढ्यात कराडच्या विक्रेत्याचा फोन आला. तो इतका ओरडत होता, की मालकांनी रिसीव्हर हातभर लांब धरला. जाळून टाकीन, कारखान्याला कुलूप लावीन, वगैरे. आकडा चार.

"चार? हा मला जाळायला निघालाय!"

"जेवायला बोलवा, येईल," मेहजबीनबाई म्हणाल्या.

नंतर तासगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक. "नमस्कार. मागील महिन्याच्या अकरा तारखेस मी आपणास कळविले होते, की यंत्र चालू असता हादरे बसतात. तरी आपल्याकडून काही कार्यवाही झालेली दिसत नाही. असो."

"बघा, किती सज्जन माणूस," मालक म्हणाले.

आकडा सत्याऐंशी.

"सज्जन माणूस वकिलाकडे चाललाय," मेहजबीनबाई म्हणाल्या. "ते 'असो' ऐकलंत ना?"

सुमेधाबाई त्याच दुपारी तासगावला गेल्या. घरघंटीखालची फरशी हलत होती. रबराचा एक तुकडा सरकवला, हादरे थांबले. मुख्याध्यापकांनी किलोभर बेदाणे दिले आणि दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाले, "कुणीतरी येऊन बघावं, एवढंच होतं हो." दोन-तीन वर्षं चालला असता असा खटला, रबराच्या तुकड्यात मेला.

मालक खूश झाले. असे खूश झाले, की सहा महिन्यांत वकिलांच्या बिलांची फाइल त्यांनी टेबलाच्या पायाखाली टेकण म्हणून लावली. बातमी फुटली. बिल्डर आले, पतसंस्था आल्या, सूतगिरण्या आल्या, सगळ्यांनी कानोसा घेतला. लाल दिसला की माणूस धाडायचा, चहा प्यायचा, वस्तू बदलून द्यायची. आणि माझ्या डबीत कोळी.

पण लोक काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. ओरडणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि थंड बोलणाऱ्याच्या दारात कंपनीची गाडी येते, हे चार दिवसांत साऱ्या जिल्ह्याला कळलं. विश्रामबागेत क्लास निघाले: 'थंड आवाज, तीन आठवड्यांत ऐंशीच्या वर'. माणसं गच्चीवर उभी राहून टाकीच्या पाइपशी तारखा लावून बोलायची प्रॅक्टिस करायची. मंडईत तर मी माझ्या कानांनी ऐकलं आहे —

"मावशी, परवा सकाळी मी आपणाकडून अर्धा किलो वांगी नेली होती."

"होय. सोबत आपल्या सूनबाईही उपस्थित होत्या."

"ती कडू निघाली, हे नमूद करू इच्छितो."

"नमूद करावे."

दोघंही इतकी थंड, की मधल्या टोपलीतली कोथिंबीर दोन दिवस जास्त टिकली.

कंपन्यांनी यावरही उपाय काढला. आरवाड्यांच्या कारखान्यात भिंतीवर पाटी लागली: 'माफी म्हणजे कबुली'. कुणीही, कुणाशीही, 'चुकलं' हा शब्द बोलायचा नाही. त्याऐवजी सगळ्यांनी एकच वाक्य म्हणायचं: "आपल्या भावनांची आम्ही नोंद घेतली आहे." आणि ज्यांचा आकडा हिरवा, त्यांच्यासाठी माणूसही खर्चायचा नाही, यंत्रच गोड आवाजात ते वाक्य म्हणून फोन ठेवायचं. खर्च जवळजवळ शून्यावर आला.

सुमेधाबाईंच्या मनगटावर आता कानोसाचं घड्याळ होतं. एकदा रात्री जेवताना त्यांचे यजमान विश्वजितराव अगदी हळू म्हणाले, "आमटीत मीठ नाही."

सुमेधाबाईंचा हात थबकला. "बदलून देऊ? की दुसरं काही करून देऊ?"

"मीठ दे," विश्वजितराव म्हणाले. "घसा बसलाय गं माझा. माणसासारखी बोल की."

"तुमच्या भावनांची —" म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं, पण फार हसल्या नव्हत्या.

आता यल्लाप्पाण्णांकडे येऊ.

यल्लाप्पा पाथरूट हे घरघंटीचे दगड पुरवणारे. मिरज रस्त्याला मोठी शेड, दारात पांढरी गाडी, बोटांत अंगठ्या, आणि आवाज असा, की ते शेडमध्ये शिंकले तर रेल्वे फाटकावरचा माणूस फाटक पाडायचा. दगडाला जे चर पाडतात त्याला टाकी म्हणतात. टाकी चांगली तर पीठ चांगलं. अण्णांची टाकी वेगळी होती. मोरपिसासारखी वळत जाणारी. त्या वळणातून वारा खेळतो आणि पीठ तापत नाही. ती अण्णांच्या वडिलांनी, हणमंताप्पांनी शोधलेली.

सुमेधाबाई कॉलेजातून नुकत्या बाहेर पडून कंपनीत आल्या, तेव्हा दगड बोटानं वाजवून कसा पारखायचा, हे अण्णांनी शिकवलं होतं. त्यांच्या लग्नात अण्णांनी आहेर म्हणून खरं दगडी जातं आणलं होतं. ते ठेवताच कार्यालयाचं टेबल मोडलं आणि आहेराची पाकिटं पंगतीत पसरली. तेव्हापासून रोज सकाळी दहाला अण्णांचा फोन. दगडांच्या गाडीबद्दल दोन वाक्यं, बाकी शिव्या. "काय गं टवळे, जिवंत हायीस का?" इथून सुरुवात. सुमेधाबाई फोन कानाशी धरून हूं हूं करायच्या आणि टेबलावरचा चहा गार व्हायचा. इतक्या वर्षांत त्यांनी सकाळचा गरम चहा प्यायला नव्हता.

त्या वर्षी कंपनीनं मोरपिशी टाकीची सरकारात डिझाइन म्हणून नोंदणी केली. कुणी शोधली या रकान्यात काय लिहायचं, असं सुमेधाबाईंनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, "आपली घरघंटी, आपलंच नाव." आणि सुमेधाबाईंनी लिहिलं. महिन्याभरात जाहिरात झळकली: 'आरवाडे टाकी, थंड पिठाचं रहस्य'.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला.

"ए टवळे! माझ्या बापाची टाकी आरवाड्याची कवापास्नं झाली गं? आरवाड्याला छिन्नी कुठल्या हातात धरत्यात ते तरी म्हाईत हाय का? तुम्ही समदी मिळून —" यापुढचं मी लिहीत नाही, छापणाऱ्याचं यंत्र बंद पडायचं.

सुमेधाबाईंनी घड्याळ बघितलं. दोन.

त्या मालकांकडे गेल्या. "अण्णा फार चिडलेत. मला वाटतं, नावाचं काहीतरी करायला हवं."

"आकडा किती?"

"दोन."

"मग बोंबलू दे की! पोपटवालीवर माणूस गेला, मास्तरावर गेला, आता दोनवाल्यावरही घालवू? हिरव्यात टाका त्याला."

सुमेधाबाईंनी टाकलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णांचा फोन यंत्र घ्यायला लागलं. अण्णा घसा फोडून ओरडत, आणि पलीकडून मधाळ आवाज येई, "आपल्या भावनांची आम्ही नोंद घेतली आहे." तेवढा वेळ सुमेधाबाई चहा तसाच ठेवून नुसता आकडा बघत बसायच्या. दोन. तीन. परत दोन. सगळं हिरवंगार.

मग आठवडाभर बाहेरगावी फिरून आल्यावर एके सकाळी त्यांनी चहा उचलला आणि त्यांचे ओठ भाजले.

चहा गरम होता. फोन आलाच नव्हता. काल? कालही नाही. त्यांनी आठवडाभराची नोंद उघडली. अण्णांच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. यंत्राच्या लेखी याहून सुरक्षित माणूस जिल्ह्यात नव्हता. कारण यंत्र बोलणं मोजायचं, आणि अण्णा बोलतच नव्हते.

सुमेधाबाई बिनचालकाच्या रिक्षात बसून थेट शेडवर गेल्या. दारात अण्णांच्या मंडळी, शांताक्का, उभ्या होत्या.

"ते कोर्टात गेल्यात," त्या म्हणाल्या. "सकाळी आंघोळीचं पाणी गार दिलं, तरी मला शिवी न्हाई दिली. 'चालेल' म्हणले. पोरी, मला भ्या वाटतंय."

इथून पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे, तेव्हा थोडं वाढवून सांगेन.

अण्णा माझ्या टेबलासमोर बसले होते. इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र. नोंदणी रद्द करावी आणि निकाल लागेपर्यंत घरघंट्यांच्या विक्रीवर मनाई हुकूम द्यावा, असं त्यात होतं. दसरा तोंडावर. विक्री थांबली तर कारखान्याचं वर्ष बुडालं, आणि मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की कानोसा असताना केस झाली तर पहिली सही सुमेधाबाईंच्या राजीनाम्यावर. मी कोळ्याला हलकेच बाजूला सारून शिक्का शाईत बुडवला होता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

तेवढ्यात रिक्षा थांबली.

"अण्णा!"

"नमस्कार, सुमेधाताई," अण्णा म्हणाले. "आपण बसावे."

मी या माणसाला तीस वर्षं ओळखतो. त्याच्याजवळ 'आपण' हा शब्द आहे हेच मला ठाऊक नव्हतं. सुमेधाबाईंच्या मनगटावर लाल दिवा लागला. अठ्ठ्याण्णव. माझ्या चहावर साय धरते, त्या दिवशी बर्फ धरला.

"जाहिरात प्रसिद्ध झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपणास दूरध्वनी केला," अण्णा एकेक शब्द ठेवत म्हणाले. "त्यानंतर वारंवार केला. आपल्याकडून उत्तर आले नाही. सदर टाकी माझ्या कैलासवासी वडिलांनी शोधली, हे आपणास माहीत होते. असो."

'असो' ऐकून मीही दचकलो.

सुमेधाबाईंच्या कानात फोनचं बोंड होतं, त्यातून मालकांचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "काय म्हणतोय? काही कबूल करू नका! ते वाक्य म्हणा, वाक्य!"

सवयीनं त्यांचं तोंड उघडलं. "अण्णा, आपल्या भावनांची —"

घड्याळ नव्व्याण्णव.

त्या थांबल्या. कानातलं बोंड काढून त्यांनी माझ्या शिक्क्याच्या डबीत टाकलं. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. ते मी हळूच सुलटं केलं. म्हाताऱ्या माणसाला एवढी हौस असतेच.

"अण्णा, चुकलं," त्या म्हणाल्या. "टाकी तुमच्या वडिलांची. त्या रकान्यात कंपनीचं नाव मी लिहिलं. माहीत असून लिहिलं. तुम्ही रोज ओरडत होता, आणि मी तुमचं ऐकायचं सोडून आकडा बघत बसले."

अण्णा हलले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "नोटरी, हे त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे."

मी पेन उचललं. कंपनीच्या कायदा अधिकाऱ्यानं नोटरीसमोर दिलेली कबुली! खटला सुरू व्हायच्या आतच निकाली. डबीतून कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले मालक "नाही! नाही!" असं बारीक ओरडत होते.

"घ्या लिहून," सुमेधाबाई म्हणाल्या. "सही करते." आणि माझ्या हातातलं पेन त्यांनीच घेतलं.

अण्णा त्यांच्याकडे वळले. "कुणाम्होरं बोलतीयास, कळतंय का तुला?"

"तुमच्यासमोर."

कडुलिंबाची दोन-चार पानं टेबलावर पडली. अण्णांची मान लाल झाली, मग कान, मग टक्कल. आणि मग —

"मग एवढं दिस मला त्या मशिनीच्या तोंडी का दिलंस गं टवळे? आँ? मी इकडं घसा फोडतुया आन ती बया म्हणती नोंद घेतली! कशाची नोंद? माझ्या बापाच्या तेराव्याची? अगं, दगड वाजवून बघायला शिकीवलं तुला, आन माणूस वाजतुय ते ऐकू येईना व्हय? बिनडोक! भवानी! त्या घड्याळात डोळं घालून बसली हुतीस, त्यापरीस पाट्यावर वाटण वाटलं असतंस तर —"

घड्याळ पडायला लागलं. अठ्ठ्याण्णव, सत्तर, एकेचाळीस, अठरा. झाडावरचे कावळे उडाले. व्हरांड्यात न्यायाधीश आशेनं बाहेर आले, दोन मिनिटं ऐकलं, आणि यात काही दम नाही असं ओळखून पडलेल्या चेहऱ्यानं आत गेले. दोन.

सुमेधाबाई हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

अण्णांनी डबीतलं बोंड उचललं, जाळं फुंकून काढलं. "आरवाड्या, ऐकतुयास न्हवं? तुझ्या घरघंटीत माझ्या बापाचं नाव लागलं पायजे. पिठाच्या डब्यावर न्हाई, दगडावर. हणमंताप्पा पाथरूट. न्हाईतर तुझ्या समद्या घरघंट्या कृष्णेत —"

"ओरडतोस कशाला?" पलीकडून मालकही ओरडले. "तुझ्यामुळं माझं जेवण राहिलंय! लावतो की नाव! चार अक्षरांचा तर खर्च!"

"मग आधी का न्हाई लावलंस, माकडा?"

"तू ओरडत होतास म्हणून!"

दोघंही दोनावर. मी शिक्का पुसून ठेवला. समोरच्या गाड्यावरून अण्णांनी भजी मागवली. ताटली नव्हती, म्हणून प्रतिज्ञापत्रावर घेतली. दसऱ्याला निघालेल्या प्रत्येक घरघंटीच्या दगडावर हणमंताप्पांचं नाव होतं, आणि सरकारदरबारची नोंदही सुमेधाबाईंनी दुरुस्त करून घेतली. वर्षाअखेरीस हिशेब झाला, तेव्हा कंपनीला सगळ्यात स्वस्तात पडलेला खटला तोच निघाला. मालकांनी भिंतीवरची पाटी उतरवली. उतरवताना खिळ्यानं त्यांचं बोट फाटलं, तर तो खिळा ठोकणारा सुतार आपसूक "चुकलं, मालक" म्हणाला आणि अख्खा कारखाना दचकला. मेहजबीनबाईंनी यंत्रात एक घंटी बसवली: रोज बोलणारा माणूस गप्प झाला, की वाजते.

सुमेधाबाईंच्या टेबलावर ती अजून वाजलेली नाही. त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायानं वाफाळता चहा आणून ठेवला. त्यांनी कप उचलला, घड्याळात बघितलं, आणि कप खाली ठेवून फोनकडे बघत बसल्या.

दहा वाजले.

"काय गं टवळे, जिवंत हायीस का?"

"हं, बोला अण्णा," सुमेधाबाई म्हणाल्या, आणि चहावर बशी झाकली.